परसातली गोड चेरी: ब्रिटनमध्ये झाड लावण्यापासून फळ तोडण्यापर्यंत

परसात लावलेली गोड चेरीची झाडं मरतात ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, हिवाळ्यात मुळांशी पाणी तुंबतं. दुसरं, चेरीला सफरचंदासारखीच समजून तिची छाटणी ऐन थंडीत केली जाते. पाखरं, पाऊस, मावा ही कीड यांच्यामुळे एखाद्या वर्षाचं फळ जातं, पण या दोन चुकांनी झाडच जातं. म्हणून इथे जागा आणि छाटणी यांवर जास्त लिहिलं आहे.

ही सगळी माहिती ब्रिटनसाठी, त्यातही इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागासाठी आहे. स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्स अशा ठिकाणच्या मराठी घरांमागे जेवढी मोकळी जागा असते, तेवढ्यात एक झाड सहज मावतं. पुण्या-नाशकात मात्र रोप मागवू नका. गोड चेरीला हिवाळ्यात साधारण ० ते ७ अंश सेल्सिअस तापमानाचे ८०० ते १२०० तास मिळावे लागतात, त्याशिवाय कळ्या धड उमलत नाहीत. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरत नाही. भारतात ती काश्मीरमध्ये शोपियां-गांदरबलकडे आणि हिमाचलात नारकंडा-कोटगढच्या उंचीवर होते. केकवर लावलेली लालभडक ‘चेरी’ तर आपल्याकडे बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं करवंद असतं.

रोप घेताना दोन नावं वाचा

नर्सरीतल्या रोपाच्या चिठ्ठीवर दोन नावं असतात: एक जातीचं, एक खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर त्या जातीचं कलम केलेलं असतं त्याचं. बहुतेक लोक जातीचं नाव वाचून रोप उचलतात. फळ गोड की आंबूस, लाल की काळं, जुलैत की ऑगस्टमध्ये, हे जात ठरवते. पण झाड केवढं होणार, कितव्या वर्षी फळणार आणि तुमच्या मातीत तगणार का, हे खुंटावर ठरतं. खुंटाचं नाव चिठ्ठीवर नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर ते रोप घेऊ नका.

छोट्या परसाला गिसेला ५ हा खुंट सगळ्यात बरा. जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठात तो तयार झाला, नावही तिथूनच आलं. त्यावरचं झाड अडीच-तीन मीटरच्या आसपास राहतं, जाळी टाकता येते, फळ जमिनीवर उभं राहून काढता येतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला सुरुवात होते. त्याची मुळं उथळ असतात. त्यामुळे त्याला कायमचा खांब, बरी माती आणि उन्हाळ्यात पाणी हे तिन्ही द्यावं लागतं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगला तयार झालेला कोल्ट हा दुसरा खुंट. तो साधारण मातीतही निभावून नेतो, पण झाड मोकळं सोडलं तर पाच-सहा मीटरांपर्यंत जातं. एवढ्या उंच झाडावर जाळी टाकणं घरगुती माणसाच्या आवाक्यातलं नाही आणि जाळीशिवायची चेरी ही पाखरांची चेरी. कोल्ट घ्यायचा तो मोठी भिंत असेल आणि झाड तिच्यावर पंख्यासारखं पसरवायचं असेल तरच.

आंब्याची कोय रुजवतात तशी चेरीची बी रुजवून झाड करायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. बियाण्याचं झाड मूळ झाडासारखं फळ देत नाही, उंच वाढतं आणि फळायला कित्येक वर्षं घेतं.

आता जात. चेरीच्या पुष्कळ जुन्या जातींना स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं, आणि तेही कुठलंही चालत नाही. अमेरिकेतल्या प्रसिद्ध बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तीन जाती शेजारीशेजारी लावल्या तरी एकमेकींना फळवू शकत नाहीत, कारण पराग स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरवणारी जनुकं तिघींत सारखीच आहेत. एकच झाड लावणाऱ्याने या भानगडीत न पडता स्वफलित जात घ्यावी. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत क्ष-किरणांच्या माऱ्याने पराग बदलून मिळालेला हा गुण कॅनडातल्या समरलँड केंद्राने पुढे नेला आणि १९६८ मध्ये ‘स्टेला’ ही जात दिली. ‘लॅपिन्स’, ‘सनबर्स्ट’, ‘स्वीटहार्ट’ या जातीही तिथल्याच आणि स्वफलित. सनबर्स्ट साधारण जुलैच्या मध्याला, स्टेला जुलैअखेर, लॅपिन्स त्याच सुमाराला किंवा थोडी नंतर आणि स्वीटहार्ट ऑगस्टमध्ये तयार होते. उन्हाळी सुट्टीत तुम्ही भारतात जात असाल तर तारखांचा हा हिशेब आधी मांडा. जुलैअखेर घर बंद असेल तर स्टेला लावून उपयोग नाही. चव घेऊन ठरवायचं असेल तर केंटमध्ये फॅवरशॅमजवळ ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे चेरीच्या शेकडो जातींची झाडं एका ठिकाणी बघायला मिळतात.

जागा: आधी खड्डा खणून पाणी ओता

रोप विकत घेण्याआधी हे करा. जिथे झाड लावायचं तिथे ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. त्यात काठोकाठ पाणी ओता आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जागा चांगली. रात्रभर तसंच राहिलं तर त्या जागी सपाट जमिनीत चेरी लावू नका. ही परीक्षा हिवाळ्यात घेतली तर जास्त खरी, कारण कोरड्या उन्हाळ्यात चिकणमातीही भेगांमधून पाणी पिते आणि फसवते.

लंडनच्या आजूबाजूला चिकणमातीच जास्त. तिथे खड्डा करून त्यात विकतची मऊ माती भरली की चारी बाजूंच्या घट्ट मातीमुळे त्या खड्ड्याचं तसराळं होतं. पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जात नाही. मुळं नोव्हेंबर ते मार्च पाण्यात कुजतात आणि एप्रिलमध्ये फुलं आलेलं झाड मे महिन्यात अचानक माना टाकतं. मग ‘ऊन लागलं’, ‘पाणी कमी पडलं’ असं वाटून आणखी पाणी घातलं जातं. उपाय सोपा आहे: खड्ड्याऐवजी उंचवटा करा. दीड मीटर व्यासाचा, मध्यभागी २५-३० सेंटिमीटर उंच असा मातीचा ढीग तिथल्याच मातीत कंपोस्ट मिसळून रचा आणि झाड त्यावर लावा.

ऊन दिवसाला किमान सहा तास हवं. दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेली जागा उत्तम. उताराच्या तळाशी, जिथे पहाटे दव आणि हिम (फ्रॉस्ट) जास्त वेळ रेंगाळतं, तिथे फुलं मारली जातात. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळचं पहिलं ऊन गोठलेल्या फुलांवर पडतं आणि ती भराभर वितळून काळी पडतात. जिथे पूर्वी चेरी किंवा प्लम होतं, ती जागाही टाळा. घराची उत्तरेकडची सावलीतली भिंत एवढीच जागा असेल तर गोड चेरीचा हट्ट नको. तिथे मोरेलो ही आंबट चेरी छान येते आणि तिचा मुरांबा उत्तम होतो.

लावणी

बेअर-रूट म्हणजे मातीशिवाय, उघड्या मुळांनी मिळणारी रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात. ती कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्त असतात आणि मुळं डोळ्यांनी बघून घेता येतात. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर थांबा. तोवर मुळं ओल्या गोणपाटात किंवा ओलसर मातीत झाकून ठेवा. वाऱ्यावर अर्धा तास उघडी पडली तरी बारीक मुळ्या सुकतात.

लावण्याआधी मुळं तास-दोन तास बादलीत भिजत घाला. खड्डा मुळांएवढाच खोल, पण रुंद मात्र मीटरभर करा. तळ फार खणून मोकळा केला किंवा तळाशी शेणखताचा थर घातला तर पुढे माती बसते, झाड खाली जातं आणि कलमाचा जोड मातीत गाडला जातो. हा जोड म्हणजे खोडाच्या तळाशी दिसणारं वाकडं, फुगीर ढोपर. ते मातीच्या वर सात ते दहा सेंटिमीटर राहिलंच पाहिजे. गाडलं गेलं तर वरची जात स्वतःची मुळं सोडते आणि गिसेलासाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात.

आधी खांब ठोका, मग झाड ठेवा, म्हणजे खांब मुळांतून जाणार नाही. मुळं हाताने चहूबाजूंना पसरा, तीच माती परत घाला, टाचेने हलकं दाबा. जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर पट्टा बांधा, घट्ट नको, आणि दर वर्षी सैल करत जा. मग १५ लिटर पाणी सावकाश घाला. बुंध्याभोवती मीटरभर वर्तुळात गवत ठेवू नका, कारण कोवळ्या झाडाच्या तोंडचं पाणी गवत पितं. त्या वर्तुळात पाच-सात सेंटिमीटर जाड कंपोस्टचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका.

अंगण फरसबंद असेल तर कुंडीतही चेरी होते, गिसेला ५ वरचीच. कुंडी ४५ ते ६० सेंटिमीटर व्यासाची आणि जड हवी. नुसतं हलकं कंपोस्ट वर्षभरात बसतं आणि वाळलं की पाणी धरत नाही, म्हणून जॉन इन्स क्रमांक ३ हे मातीचं मिश्रण घ्या. जुलैच्या उन्हात रोज पाणी लागेल. दर दोन वर्षांनी झाड काढून बाहेरच्या मुळ्या थोड्या छाटून नवीन माती भरा.

जमिनीतल्या झाडाला पहिली दोन वर्षं कोरड्या आठवड्यात एकदा १० ते १५ लिटर पाणी पुरतं. रोज शिंपडू नका, मुळं वरच राहतात. खत वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर: ग्रोमोर किंवा तसलं समतोल खत दर चौरस मीटरला ७० ग्रॅम, आच्छादनाच्या आधी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्र दिलं तर कोवळी फूट थंडीपर्यंत पिकत नाही आणि रोगाला बळी पडते.

छाटणी: पानं असताना, कोरड्या दिवशी

सप्टेंबर ते मे या ओल्या, गार काळात रुपेरी पान नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत असतात आणि ताजी जखम दिसली की तिथून लाकडात शिरतात. बॅक्टेरियल कँकर हा खोडाचा जिवाणूजन्य रोगही पानगळीपासून वसंतापर्यंतच पसरतो. उन्हाळ्यात झाडात जोर असतो, जखम लवकर बंद होते. म्हणून फळत्या झाडाची छाटणी फळ उतरल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्टअखेर, आणि दोन-तीन दिवस पाऊस नाही असं बघून. जानेवारीत सफरचंदाला कात्री लावाल तेव्हा चेरीला हात लावू नका.

याला अपवाद फक्त कोवळ्या रोपाला आकार देण्याचा. ती कापणी वसंतात, डोळे (फांदीवर फुटणाऱ्या कळ्या) फुगून हिरवे होताना करायची. एक वर्षाचा सरळ सोट, ज्याला इथे ‘मेडन’ म्हणतात, तो जमिनीपासून ७५-८० सेंटिमीटरवर, चांगल्या डोळ्याच्या वर कापा. त्याखाली तीन-चार डोळे फुटून फांद्या होतील. या फांद्या बोटभर लांब आणि अजून मऊ असतानाच एक छोटी गोष्ट करा, तिचा फायदा आयुष्यभर मिळतो: कपडे वाळत घालायचा चिमटा खोडाला फांदीच्या वर असा लावा की त्याच्या टोकाने फांदी आडवी ढकलली जाईल. चेरीच्या फांद्या स्वभावानेच खोडाला बिलगून सरळ वर जातात. अशा अरुंद बेचक्यात साल आत दुमडते, पाणी साचतं, आणि फळांचं ओझं आलं की बेचकं फाटतं. चिमट्याने कोन ५०-६० अंशांचा झाला की सांधा भक्कम होतो आणि आडव्या फांदीला फळही लवकर येतं. महिनाभराने लाकूड घट्ट झालं की चिमटा काढा. दुसऱ्या वसंतात या तीन-चार फांद्या निम्म्याने, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर कापा. आकाराचं काम एवढ्यावर संपतं.

फळ कुठे लागतं हे जवळून बघून घ्या, म्हणजे पुढे कात्री चुकत नाही. मार्चमध्ये दोन वर्षांच्या फांदीवर आखूड, गाठाळ खुंट्या दिसतात. त्यांच्यावर गुबगुबीत, गोल कळ्यांचा झुपका असतो आणि मधोमध एकच बारीक टोकदार डोळा. गोल ते फुलाचे, टोकदार तो पानाचा. या खुंट्या अनेक वर्षं फळतात, त्या मोडू नका. एका वर्षाच्या फांदीच्या तळाशीही काही गोल कळ्या असतात, वरचे डोळे पानांचे. म्हणून फांदी कापताना गोल कळ्यांवर न कापता त्यापुढच्या टोकदार डोळ्यावर कापायची. गोल कळीवर कापलेली फांदी फुलून जाते आणि पुढे वाढायला तिच्याकडे डोळाच उरत नाही, ती टोकाकडून वाळते.

फळत्या झाडात दर ऑगस्टला फार काही काढायचं नसतं. वाळलेलं, एकमेकांवर घासणारं, आत वळलेलं आणि सरळ आकाशाकडे निघालेलं लाकूड काढा. गिसेलावरच्या झाडाला आणखी एक वाईट सवय असते: फळ फार धरतं. पाच-सहा वर्षांनी सगळीकडे फळखुंट्याच होतात, नवी फूट थांबते आणि चेऱ्या वाटाण्याएवढ्या राहतात. तेव्हा सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी दरवर्षी एखादी, दहा-पंधरा सेंटिमीटरचं ठूठ ठेवून कापा. त्यातून नवी फांदी येते. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. जखमेवर रंग किंवा डांबर फासू नका, आत ओल कोंडते.

डिंक दिसला तर

खोडावर मधाच्या रंगाचा, काचेसारखा डिंकाचा थेंब दिसला की घाबरून लगेच फांदी कापू नका. चेरी कुठल्याही इजेला डिंकानेच उत्तर देते: खांबाला घासणं असो, गवत कापायच्या यंत्राची ठेच असो किंवा कोरड्यानंतर आलेला धो-धो पाऊस असो. थेंबाखालची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने तांदळाएवढी खरवडा. आत हिरवट-पांढरं असेल तर ती नुसती इजा. तपकिरी असेल, साल दबलेली आणि आंबूस वासाची असेल, तर तो कँकर. मे-जूनमध्ये पानांवर तपकिरी ठिपके पडून तिथे छर्ऱ्याने पाडल्यासारखी भोकं होणं आणि एखादी फांदी वसंतात फुटलीच नाही तर तेही त्याचंच लक्षण.

असं लाकूड उन्हाळ्यात, जिथपर्यंत तपकिरी रेघ दिसते त्याच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खालून कापा आणि कचऱ्यात घाला, कंपोस्टमध्ये नाही. गावाकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण बघितलेल्यांना तेच आठवेल, पण घरगुती बागेसाठी तांब्याची बुरशीनाशकं ब्रिटनमध्ये आता मिळत नाहीत. निचरा, योग्य वेळी छाटणी आणि नत्राला आवर, यांवरच भिस्त ठेवायची. रुपेरी पानात पानांवर शिशासारखी झाक येते आणि फांदी कापली की मध्यभागी तपकिरी डाग दिसतो. तीही तशीच, डाग संपेपर्यंत कापायची.

मे महिन्यात शेंड्याची पानं गुंडाळून चिकट झाली तर उलगडून बघा. आत चेरीचा काळा मावा असतो आणि बहुधा खोडावर मुंग्यांची रांगही. मुंग्या गोड स्रावासाठी माव्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकतात. खोडाभोवती, आणि खांब असेल तर खांबालाही, चिकट पट्टी गुंडाळा. कोवळे गुंडाळलेले शेंडे हाताने खुडा, बाकीच्यावर फॅटी अ‍ॅसिडवाला कीटकनाशक साबण फवारा. जुलैत हा मावा आपोआप दुसऱ्या झाडांवर निघून जातो.

फुलोरा आणि फळगळ

एप्रिलमध्ये पूर्ण उमललेलं फूल उणे २ अंशांच्या आसपास मरायला लागतं, उणे ४ ला बहुतेक सगळी जातात. मेलेलं फूल बाहेरून पांढरंच दिसतं, फक्त मधला हिरवा दांडा काळा पडतो. हवामानखात्याने रात्री हिम सांगितलं की झाडावर फ्लीस हे बागेसाठी मिळणारं हलकं कापड दुहेरी करून टाका, फुलांना टेकणार नाही असं. सकाळी नऊ-दहाला ते काढा, नाहीतर मधमाश्या आत जाणार कशा? हे विसरलं की हिमापासून वाचलेली फुलं परागाविना गळतात.

मे-जूनमध्ये वाटाण्याएवढी झालेली पुष्कळ फळं पिवळी पडून गळतात. यात परागीभवन न झालेलीच जास्त असतात आणि झाडही आपलं ओझं हलकं करतं. थोडी गळ झाली तर काळजी नको. जवळजवळ सगळी गळली तर मात्र फुलोऱ्याच्या आठवड्यात हवा गार-पावसाळी होती का आणि नंतर झाडाला पाणी कमी पडलं का, ते आठवून बघा.

पाखरं, पाऊस, माशी

फळ हिरव्याचं पिवळट व्हायला लागलं, त्याच दिवशी जाळी टाका. लाल होईपर्यंत थांबलात तर कस्तुर आणि साळुंकीसारखे स्टार्लिंग एका सकाळीत झाड मोकळं करतात. जाळी लाकडी किंवा पाइपच्या चौकटीवर ताणून, जमिनीला खिळून बसवा. सैल जाळीत पाखरं आणि हेजहॉग (काट्यांचा छोटा प्राणी) अडकून मरतात आणि फांद्यांना टेकलेल्या जाळीतून पाखरं बाहेरूनच फळं टोचतात.

पिकण्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मोठा पाऊस झाला तर फळ तडकतं. पाणी सालीतूनही आत शिरतं आणि मुळांतूनही येतं. पावसावर इलाज म्हणजे चौकटीच्या वर पारदर्शक प्लॅस्टिक, बाजू उघड्या ठेवून. मुळांतून येणाऱ्या पाण्याने तडकणं टाळणं मात्र आपल्या हातात आहे: मे ते जुलै पाणी नियमित द्या. महिनाभर कोरडं ठेवून मग एकदम नळी सोडली की साल ताणली जात नाही, फाटते.

ठिपकेदार पंखांची ड्रॉसोफिला ही बारीक माशी ब्रिटनमध्ये २०१२ पासून आहे. साध्या फळमाश्या सडलेल्या फळावर बसतात. हिची मादी करवतीसारख्या अवयवाने पिकत असलेल्या धड फळातच अंडी घालते. फळ बाहेरून नीट दिसतं, दाबलं की मऊ लागतं. संशय आला तर एक पेला पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा-बारा चेऱ्या पंधरा मिनिटं बुडवा, पांढऱ्या अळ्या बाहेर येतील. एक मिलिमीटरपेक्षा बारीक विणीची जाळी तिला अडवते, ती फुलोरा संपल्यावर टाका. याशिवाय मोठा उपाय म्हणजे झाडावर आणि झाडाखाली एकही पिकलेलं फळ न ठेवणं. गळलेली फळं पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये ती माशी वाढते.

तोडणी

कच्ची चेरी तोडून आंब्यासारखी आढीत पिकवता येत नाही. झाडावरून काढली त्या क्षणी तिचा गोडवा थांबतो. रंग भरल्यावरही तीन-चार दिवस थांबा आणि रोज एक खाऊन बघा, चवीपेक्षा चांगलं मोजमाप नाही. वेगवेगळ्या बाजूंची फळं वेगवेगळ्या दिवशी तयार होतात, म्हणून दोन-तीन तोडे करा.

सकाळी, दव वाळल्यावर, फळाला न धरता देठाला धरा. देठ वर उचलून हलकासा पिळा, तो फांदीपासून सुटतो. खाली ओढलं तर देठासकट फळखुंटी मोडते आणि तिच्यावरचं पुढच्या वर्षीचं फळही जातं. देठ फळालाच राहू द्या. देठ निघालेल्या जागेतून रस गळतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. न धुता, उथळ भांड्यात, फ्रिजच्या तळाला ठेवली तर आठवडाभर टिकते. खाण्याच्या वेळी धुवा. बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. फोडलेल्या बीतून सायनाइड तयार होतं, म्हणून सरबत किंवा मुरांब्यासाठी त्या आधी काढून टाका.

पूर्ण वाढलेलं गिसेलावरचं झाड चांगल्या वर्षी दहा किलोच्या आसपास फळ देतं. शेवटची चेरी उतरली की जाळी लगेच काढून घ्या, म्हणजे तीच पाखरं पानांवरच्या अळ्या टिपायला परत येतील. मग हवामानाचा अंदाज बघा, दोन-तीन कोरडे दिवस दिसले की कात्री स्पिरिटने पुसून छाटणीला लागा.